कावीळ कोणती, ते आधी विचारा

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की ठाणे-नवी मुंबईच्या दवाखान्यांत डोळे पिवळे झालेले रुग्ण येऊ लागतात. घरात लगेच विचारपूस सुरू होते, काविळीचं औषध कुठं मिळतं? त्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि नेमका तोच राहून जातो: कावीळ कोणती? कावीळ ही खूण आहे, आजार तिच्या मागे दडलेला असतो. दूषित पाण्यातून आलेला विषाणू, रक्तातून आलेला विषाणू, दारू, टीबीच्या गोळ्या, पित्तनलिकेत अडकलेला खडा, लेप्टो (तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), यातल्या कशानंही डोळे तसेच पिवळे होतात. यातली एखादी कावीळ काहीही न करता बरी होते, एखादीला वर्षानुवर्षं रोजची गोळी लागते, आणि एखादीत दोन दिवस वाया गेले तर माणूस हाती लागत नाही.

पिवळेपणा नीट बघायचा कसा

यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं, वजन साधारण सव्वा ते दीड किलो. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पाण्यात विरघळेल असं करून पित्तावाटे आतड्यात सोडतं, आणि शौचाला जो रंग येतो तो त्याचाच. हिपॅटायटीस म्हणजे यकृताला आलेली सूज. पेशी सुजल्या, फुटल्या की हे बिलिरुबिन आतड्यात जायचं सोडून रक्तात परत येतं आणि लघवीतून बाहेर पडायला लागतं.

म्हणून डोळ्यांच्या आधी लघवी बोलते. रक्तात बिलिरुबिन १ ते १.२ पर्यंत असणं ठीक, डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनच्या वर जावं लागतं. लघवी त्याच्या एक-दोन दिवस आधीच कोऱ्या चहासारखी होते. पांढऱ्या कपात थोडी लघवी घेऊन हलवली तर फेससुद्धा पिवळा दिसतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंही लघवी पिवळी जर्द होते, पण ती चकचकीत लिंबासारखी. काविळीची काळपट असते. डोळे बघायचे ते खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात. रुग्णाला पायांकडे बघायला सांगा आणि वरची पापणी बोटानं उचला. बुबुळाच्या वरचा पांढरा भाग उघडा पडतो, तिथं खरा रंग कळतो. पपई-गाजर भरपूर खाल्ल्यानं तळहात पिवळे होतात, डोळे मात्र पांढरेच राहतात.

शौचाचा रंगही विचारा. लाजून ही माहिती कोणी आपण होऊन देत नाही. शाडूच्या मातीसारखी पांढुरकी शौच आणि अंगाला खाज असेल तर पित्ताची वाट अडल्याची शंका घ्यायची. खडा किंवा गाठ असू शकते, त्यामुळे सोनोग्राफी लांबवू नका.

आता तापाचा नियम, जो पावसाळ्यात सर्वांत जास्त कामाचा. पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटीस ए आणि ई मध्ये सुरुवातीचे चार-पाच दिवस ताप, मळमळ, अन्नाची शिसारी, थकवा असतो. ओढणाऱ्याला सिगारेटसुद्धा नकोशी होते. डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. डोळे पिवळे झाले आणि तापही तसाच चढतोय, तर विचार बदला: लेप्टो, मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड किंवा पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग. गेल्या दोन-तीन आठवड्यांत तुंबलेल्या पाण्यातून चालणं झालं, पोटऱ्या दाबल्या की कळ येते, डोळे पिवळ्याबरोबर लालही आहेत, लघवी कमी झाली आहे, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लेप्टोत मूत्रपिंडं लवकर निकामी होतात आणि तिथं प्रतिजैविक वेळेवर मिळणं हाच उपचार आहे.

पहिल्याच फेरीत कोणत्या तपासण्या

लॅबमध्ये नुसतं 'काविळीची टेस्ट' म्हटलं की बरेचदा फक्त बिलिरुबिन करून देतात. तेवढ्यावरून कारण कळत नाही. डॉक्टरांकडून हे एकत्र लिहून घ्या: एलएफटी (यकृताच्या चाचण्या), पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचएव्ही आयजीएम (हिपॅटायटीस ए साठी), एचईव्ही आयजीएम (ई साठी), एचबीएसएजी (बी साठी), अँटी-एचसीव्ही (सी साठी) आणि पोटाची सोनोग्राफी. ताप असेल तर मलेरिया, डेंग्यू, लेप्टोही.

रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर एलएफटीमधल्या एसजीपीटीवर जाते. यकृताची पेशी फुटली की हे एन्झाइम रक्तात सांडतं, म्हणून तीव्र हिपॅटायटीसमध्ये ४० च्या आसपास असणारा आकडा हजार-दोन हजारावर जातो. आकडा भीतीदायक असला तरी किती पेशी उरल्या आहेत ते त्यावरून कळत नाही. दारूच्या हिपॅटायटीसमध्ये तर एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असतो आणि तरी क्वचितच ३०० च्या वर जातो. म्हणजे आकडा लहान, आजार मोठा.

यकृत काम करतंय की नाही ते सांगतो पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत रोजच्या रोज बनवतं. काम थांबलं की दिवसा-दोन दिवसांत आयएनआर १ च्या आसपासवरून चढायला लागतो. १.५ ला पोचला तर रुग्णाला घरी ठेवायचं नाही. अल्ब्युमिनही यकृतच बनवतं, पण ते रक्तात तीनेक आठवडे टिकतं, त्यामुळे नव्या काविळीत अल्ब्युमिन चांगलं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिल्याच दिवशी अल्ब्युमिन ३ च्या खाली दिसलं, तर यकृताचं दुखणं बहुधा जुनं आहे आणि कावीळ आज दिसली एवढंच.

एक फसवणूक पुन्हा पुन्हा होते. पंधराशेचा एसजीपीटी चार दिवसांत दोनशेवर आला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच रिपोर्टात बिलिरुबिन आणि आयएनआर खाली येत असतील तर ठीक. ते दोन्ही चढत असतील तर एसजीपीटी उतरलाय तो फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत म्हणून. तिन्ही आकडे एका कागदावर तारखेनिशी लिहीत चला. लॅब बदलली तरी हा कागद बदलू नका.

घरी रोज काय तपासायचं

निकामी होत चाललेलं यकृत रक्तातला अमोनिया काढू शकत नाही आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. सुरुवात झोपेपासून होते: माणूस दिवसभर झोपतो आणि रात्री टक्क जागा राहतो. चिडतो, तेच तेच विचारतो, मोबाइलचा पासवर्ड विसरतो. रोज सकाळ-संध्याकाळ दोन गोष्टी करून घ्या. एका वहीत सही करायला लावा, शेजारी तारीख घाला. अक्षर बिघडत गेलं की पानावर दिसतं. मग दोन्ही हात समोर ताठ करायला सांगा, रिक्षा थांबवताना पंजा दाखवतो तशी मनगटं वर, बोटं फाकलेली, डोळे मिटलेले. वीस सेकंद बघा. पंजे मध्येच पाखराच्या पंखासारखे खाली पडून परत वर आले, तर त्या क्षणी निघायचं. १०८ ला फोन करा आणि शक्य असेल तर आयसीयू आणि यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. निघण्यापूर्वी फोनवर हेच विचारून घ्या. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, यालाही हाच नियम.

रात्रभर झोपत नाही म्हणून रुग्णाला झोपेची गोळी देणं ही या टप्प्यावरची सर्वांत महागात पडणारी चूक. यकृत ती गोळी बाहेर टाकू शकत नाही, आणि सकाळी माणूस उठत नाही तेव्हा ती गुंगी गोळीची की आजाराची, हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही.

ए आणि ई: पाण्यातून येणारी कावीळ

ए ची लागण झाल्यापासून लक्षणं यायला १५ ते ५० दिवस लागतात, ई ला दोन ते दहा आठवडे. दोन्ही रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातात. दोन्हींवर विषाणू मारणारं औषध सहसा लागत नाही. शरीर स्वतःच त्यांना काढून टाकतं, बहुतेक जण दोन ते सहा आठवड्यांत सावरतात. ए जुनाट होत नाही, आपल्याकडचा ईसुद्धा नाही. पूर्वी ए लहानपणीच होऊन जायचा, मुलाला दोन दिवस मरगळ यायची आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळायची. आता घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये शुद्ध पाण्यावर वाढलेली मुलं कॉलेजात जाईपर्यंत ए ला भेटलेलीच नसतात. मग कँटीनमध्ये, चौपाटीवर, ट्रेकवर तो भेटतो, आणि मोठेपणी ए जास्त त्रास देतो. म्हणून आम्ही ए च्या लशीचा आग्रह धरतो. ती एक वर्षानंतर कधीही घेता येते. जिवंत विषाणूची असेल तर एक डोस, निष्क्रिय असेल तर सहा महिन्यांच्या अंतरानं दोन. सरकारी मोफत वेळापत्रकात ती नाही, बालरोगतज्ज्ञांकडे मागावी लागते. घरात कुणाला ए निघाला तर बाकीच्यांनी दोन आठवड्यांच्या आत लस घेतली तरी उपयोग होतो.

ई बाबत एका माणसाला वेगळं काढायचं: गरोदर बाई. विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर दर चार-पाच जणींत एकीचा जीव जाऊ शकतो. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर 'उद्या बघू' नाही. थेट प्रसूतीची आणि आयसीयूची, दोन्ही सोय असलेल्या रुग्णालयात.

ए चा रुग्ण डोळे पिवळे होण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा एक आठवडा सर्वाधिक संसर्ग पसरवतो. म्हणून कावीळ दिसल्यापासून निदान आठवडाभर शाळा-ऑफिस नाही आणि त्या माणसानं स्वयंपाकाला हात लावायचा नाही. शौचानंतर साबण आणि वाहतं पाणी, किमान वीस सेकंद. बाटलीतलं सॅनिटायझर इथं फारसं कामाचं नाही. ए चा विषाणू अल्कोहोलला दाद देत नाही.

खाण्याचं म्हणाल तर घरात सर्वांत जास्त गोंधळ इथंच असतो. "आई, भाजीत हळद घालू का?" घाला. हळदीचा रंग पिवळा आहे एवढाच तिचा गुन्हा, काविळीच्या रंगाशी तिचा काही संबंध नाही. महिनाभर उकडलेलं, बिनतेलाचं, बिनमिठाचं खाऊ घातलं की रुग्ण काविळीपेक्षा उपासमारीनं खंगतो. यकृताला नव्या पेशी बनवायला प्रथिनं लागतात: वरण, मुगाची खिचडी, दही, पनीर, अंडं, जमेल तर मासे. मळमळ सकाळी कमी असते, तेव्हा पोटभर न्याहारी द्या. दिवसभर थोडं थोडं. तेलकट नकोसं वाटतं तोवर टाळा, पुढं हळूहळू सुरू करा. उसाचा रस यकृताला बरा म्हणून नाक्यावरच्या चरकावरून आणला जातो. रस चांगला, पण त्यातला बर्फ, ग्लास धुण्याची बादली आणि चरकावरचे हात यांतूनच ए आणि ई चा पुढचा रुग्ण तयार होतो. गोड हवंच असेल तर घरचं लिंबू सरबत द्या. उलट्या थांबत नसतील तर सलाईनची गरज असते; नुसता अशक्तपणा म्हणून लावलेल्या सलाईननं कावीळ एक दिवसही लवकर जात नाही.

दारू पूर्ण बंद, निदान सहा महिने. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून आणि दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांच्या वर नाही. सर्दीच्या पाकिटातही तेच औषध असतं, ते या मोजणीत धरा. टीबीच्या गोळ्या चालू असताना मळमळ किंवा कावीळ सुरू झाली तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी टीबी केंद्रावर जा. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला सूज आणू शकतात. कोणती थांबवायची आणि कोणत्या क्रमानं परत सुरू करायची, हे तिथले डॉक्टर ठरवतात. आपल्या मनानं सगळ्या सोडून दिल्या तर टीबी उलटतो.

नाकातले थेंब, माळ आणि चुन्याचं पाणी

काविळीवरच्या या गावठी उपायांबद्दल बोलताना कुणाच्या श्रद्धेला हिणवायचं नाही. घरचा माणूस पिवळा पडलेला बघून कुणीही धावपळ करतंच. पण आत काय होतं ते सांगायला हवं. काविळीची माळ छोट्या ओल्या काड्या दोऱ्यात गाठी मारून गुंफलेली असते. काड्या सुकतात, आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते; खुंटीला टांगून ठेवली तरी लांबेल. हात धुताना पिवळं पाणी निघतं ते हाताला आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसावर चुन्याची निवळी पडल्यामुळं. निरोगी माणसाच्या हातावर करून बघा, तेवढंच पिवळं निघेल. आणि रुग्ण बरा होतो कारण ए आणि ई तसेही बरे होणारच असतात. माळेनं नुकसान होत नाही, तिच्या भरवशावर न केलेल्या तपासणीनं होतं. हातावर डाग देणं मात्र सरळ इजा आहे, आणि आयएनआर वाढलेल्या माणसाच्या नाकात झोंबणारे थेंब घातले तर रक्त थांबवणं कठीण होतं.

काढ्यांबाबतही सावध राहा. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक असं नसतं. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे रोज पिणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. यकृत सुजलेलं असताना घरगुती असो की दुकानातलं, प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवूनच.

बी आणि सी: डोळे पिवळे न करणारे

रक्तातून येणारे हे दोन विषाणू बहुतेकदा कावीळ न देताच यकृतात घर करतात. कळतं ते अचानक: रक्तदानानंतर आलेल्या निरोपावरून, आखाती देशाच्या नोकरीच्या मेडिकलमध्ये, ऑपरेशनच्या किंवा गरोदरपणातल्या तपासणीत. जुने डॉक्टर अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात तोच एचबीएसएजी. एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात बारूक ब्लम्बर्ग यांना तो प्रथम सापडला म्हणून ते नाव. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, हाच जागतिक हिपॅटायटीस दिन.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला म्हणजे लगेच गोळी, असं नाही. सहा महिन्यांनी परत पॉझिटिव्ह आला तर संसर्ग जुनाट. मग एचबीईएजी, एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी चाचणी), एसजीपीटी, सोनोग्राफी आणि यकृत किती कडक झालंय ते सांगणारा फायब्रोस्कॅन, यांवरून उपचार ठरतो. गोळी बहुधा टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम किंवा एन्टेकॅव्हिर ०.५ मिलिग्रॅम, रोज एक. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणारे फार भेटतात. विषाणू गेलेला नसतो, दबलेला असतो. गोळी सुटली की उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतो. गावी जाताना पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या बरोबर ठेवा. कर्करोगाची केमो किंवा मोठ्या डोसचे स्टेरॉइड सुरू होणार असतील तर पूर्वी कधी बी होता हे तोंडानं सांगा, फाइलवर भिस्त ठेवू नका. गोळी लागो न लागो, दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचंच. बी मध्ये यकृताचा कर्करोग सिरोसिस (यकृत घट्टे पडून कडक होणं) नसतानाही होऊ शकतो, तेव्हा सोनोग्राफी किती दिवसांनी करायची ते डॉक्टरांशी बोलून पक्कं करून ठेवा.

घरच्यांनी काय करायचं? एकत्र जेवा, एका ताटात जेवा, मुलांना जवळ घ्या. यातून बी पसरत नाही. ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, साखर तपासायची सुई मात्र प्रत्येकाची वेगळी, कारण हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस तग धरतो. नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि एकूण अँटी-एचबीसी तपासा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ती लशीची कमाई. अँटी-एचबीसीही पॉझिटिव्ह असेल तर पूर्वी लागण होऊन गेली आहे. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० किंवा जास्त आला की लस लागली म्हणायचं.

आई पॉझिटिव्ह असेल तर घड्याळ बघूनच काम करायचं. जन्मतः लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत बी कायमचा राहतो. मोठ्या माणसात हेच प्रमाण शंभरात पाचाहून कमी. बाळाला लस २४ तासांत द्यायचीच, पण अशा बाळाला ती आणि दुसऱ्या मांडीत एचबीआयजी (बी विरुद्धच्या तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन), दोन्ही १२ तासांच्या आत. पुढं ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (बी चा अंश असलेली एकत्रित लस), आणि नऊ महिन्यांनंतर बाळाची तपासणी. आईचा डीएनए दोन लाखांच्या वर असेल तर सातव्या महिन्यापासून टेनोफोव्हिर देतात. एचबीआयजी प्रत्येक प्रसूतिगृहात शिल्लक असतेच असं नाही, शनिवारी रात्री तर नाहीच. आठवा महिना लागला की कुठून येणार, फ्रिजमध्ये कुठं ठेवणार हे विचारून ठेवा. अंगावर पाजायला हरकत नाही.

सी ची गोष्ट आनंदाची आहे. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आला तर फक्त विषाणूशी गाठ पडली होती एवढं कळतं. तो आत आहे का ते एचसीव्ही आरएनए सांगतो. आत असेल तर सोफोसबुव्हिर ४०० आणि डॅक्लाटासव्हिर ६०, बहुधा १२ आठवडे, रोज. औषध संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह आला की सी बरा झाला. शंभरातले नव्वदहून जास्त जण बरे होतात. अँटी-एचसीव्ही नंतरही पॉझिटिव्हच राहतो, त्यामुळे दर वेळी तीच चाचणी करून घाबरू नका. आणि सी ला लस नाही, पुन्हा लागण होऊ शकते.

या तपासण्या आणि औषधं विकत घेण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात जा. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम (एनव्हीएचसीपी) सुरू आहे, त्यात बी आणि सी चे उपचार मोफत आहेत. ठाण्यात जिल्हा रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरूळ किंवा ऐरोलीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल तिथल्या मेडिसिन ओपीडीत "एनव्हीएचसीपीचं केंद्र कुठं आहे?" एवढं विचारा. ओळखपत्र आणि जुने सगळे रिपोर्ट बरोबर न्या.

जुन्या रिपोर्टांवरून यकृतात किती घट्टे पडलेत याचा ढोबळ अंदाज घरीही करता येतो. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेनं भागा, १०० नं गुणा, आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेट्सनी भागा. एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट्स ८० हजार असतील तर उत्तर २.५. दोनच्या वर गेलं की सिरोसिसची शंका धरून पुढं जायचं, अर्ध्याच्या खाली असेल तर धीर धरता येतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स वेगळ्याच कारणानं पडतात, तेव्हा हे गणित मांडू नका.

सोसायटीची टाकी

एका इमारतीत पंधरा दिवसांत तीन-चार जणांना कावीळ झाली तर पाण्याकडे वळा. पाण्याची लाइन अनेक ठिकाणी गटारातून किंवा ड्रेनेजला चिकटून जाते. पाणी चालू असताना गळतीतून ते बाहेर येतं. पुरवठा बंद झाला की आतला दाब पडतो आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. लाइनवर थेट मोटर लावली की ही ओढ कितीतरी पटीनं वाढते, आणि त्रास शेजारच्या घरांनाही होतो. म्हणून शटडाउननंतर आलेलं सुरुवातीचं पाणी टाकीत घेऊ नका, वास आणि गढूळपणा बघा.

जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाची कडा अंगणापेक्षा उंच हवी, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं. ड्रेनेजचा चेंबर किती जवळ आहे आणि तुंबतो का, तेही बघा. टाकी उपसून, घासून, धुवून परत भरल्यावर दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे २०,००० लिटरला ५० ग्रॅम. पावडर कोरडी टाकीत फेकू नका. एका बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून तेच टाकीत सोडा, चुना टाकून द्या. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त पावडर नको. उघडं राहिलेलं जुनं पोतं वापरू नका, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. बाथरूम धुण्याच्या अॅसिडशी पावडरचा संपर्क आला तर विषारी वायू सुटतो, तेव्हा दोन्ही एका खोलीत ठेवू नका.

तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय याची चाचणी: नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो किटच्या पट्टीशी लगेच, दहा सेकंदांत, ताडून बघा. टाकीजवळ लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि सर्वांत वरच्या मजल्याच्या शेवटच्या नळाला निदान ०.२ हवा. तिथं रंगच आला नाही तर मधल्या पाइपात काहीतरी क्लोरीन खातंय: गच्चीवरच्या टाकीतला गाळ किंवा आत शिरलेली घाण. मग गच्चीवरची टाकीही त्याच पद्धतीनं धुवा, आणि वॉर्डातल्या आरोग्य केंद्राला कळवा.

पाण्याचा नमुना स्वच्छ आला म्हणून चौकशी बंद करू नका. ई चा रुग्ण आज पिवळा दिसत असेल तर दूषित पाणी त्यानं दोन ते दहा आठवड्यांपूर्वी प्यायलेलं असतं. आजची बाटली त्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही. त्या सुमाराचे शटडाउन, लाइनची खोदाई, चेंबर तुंबल्याच्या तक्रारी, कोणत्या विंगमधले कोण कधी आजारी पडले, हे तारखेनिशी एका कागदावर मांडा. गळती बहुधा त्या कागदावर सापडते. तोवर प्यायचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. दात घासायला, कोथिंबीर धुवायला आणि बर्फ लावायलाही तेच पाणी.